नजर माझ्याकडे, चेंडू कोपऱ्यात

गोलरक्षक पोरीनं दिपालीचा पेनल्टी स्ट्रोक अडवला. चेंडू उडून मैदानाबाहेर उभ्या असलेल्या भाविकच्या स्कूटरच्या दिव्यात शिरला.

"लागलं का?" दिपाली स्टिक घेऊन धावत आली.

"मला न्हाय. दिवा गेला."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि अशी हसली, की भाविकला मागचा दिवाही तिच्या हवाली करावासा वाटला.

अंबाडी गावचा भाविक हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये दोन हंगाम राखीव गोलरक्षक होता. इतका राखीव, की त्याचे पॅड कोरे करकरीत घरी परत आले. मात्र संघानं त्याला 'विजयी मानसिकता' या विषयावर अकरा व्याख्यानं ऐकवली होती. त्या भांडवलावर तो आता भिवंडीच्या पोरींना शिकवायला आला होता. अर्धं मैदान कुणाच्या तरी हळदीच्या मांडवानं व्यापलेलं. विजयी मानसिकतेला उरलेलं अर्धं पुरत होतं.

"महिन्यानं पुण्याच्या अकादमीची निवड हाय, सर," कोन गावची दिपाली म्हणाली. "माझा स्ट्रोक दर वेळी अडवतात."

"कारण मारायच्या आधी तू त्या कोपऱ्याकडे बघतेस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन वर्षं बाकावर बसून दुसरं काय केलं? लोकांच्या नजरा वाचल्या."

"लोकांच्या... की पोरींच्या?"

"पुरुषांची लीग होती ती."

"अरेरे," ती म्हणाली.

मग तो स्वतः गोलमध्ये उभा राहिला. "कोपरा विसर. माझ्याकडे बघ... फक्त माझ्याकडे." सल्ला शास्त्रशुद्ध होता, तरी देऊन झाल्यावर त्याचे कान तापले. दिपाली मात्र मन लावून बघू लागली. पहिल्या आठवड्यात त्यानं सगळे स्ट्रोक अडवले, दुसऱ्यात निम्मे. तिसऱ्यात चेंडू केव्हाच जाळीत गेलेला असे आणि सर अजून तिच्या डोळ्यांत बघत उभे.

पंचाईत वेगळीच होती. आधी ती आल्या आल्या त्याची स्कूटर शोधायची. ती नजर त्यानं वाचली होती, आणि तेवढ्यावर त्याचे दिवस छान चालले होते. आता तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. शिकवणी भलतीच यशस्वी झाली होती.

निवडीच्या दिवशी तिनं पाच मारले, पाचही गोल. सोमवारी पुणं, वर्षभरासाठी.

"अभिनंदन," भाविक फाटकापाशी म्हणाला.

"बस, एवढंच?"

"एक विचारायचं होतं..." त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "पूर्वी तुझ्याकडे बघितलं की कळायचं. आता कळत नाही, म्हणून सरळ विचारतो. मी आवडतो का तुला — की न्हाय?"

"अकरा व्याख्यानं ऐकून असं विचारतोस?"

विचारतोस. महिनाभराचं 'तुम्ही' आणि 'सर' एका दमात कुठल्या कुठे गेलं होतं.

"सोमवारी आक्का सोडायला येतेय," ती म्हणाली. "गाडीत एक जागा तुझी सांगितलीय."

"आक्का म्हणजे आई ना तुझी? काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? विचारलं, वाटेत खायला बोंबील घेतेय, त्याला चालतात ना?"

भाविकचं घर तीन पिढ्यांचं माळकरी. "शिकतो," तो म्हणाला.

"नको," दिपाली म्हणाली, आणि या वेळी तिलाच त्याच्याकडे बघवेना. "मी सांगितलंय तिला... त्याच्यासाठी वांगी भर."