पैनगंगेच्या डोहावर दोन कॅमेरे

जेबाला पाणमांजराचा फोटो काढायचा होता आणि त्यासाठी आयुष्यातला पहिला कॅमेरा निवडायचा होता. २००८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, या दोन्ही कामांसाठी ती नांदेडहून किनवटच्या गाडीत बसली. सोबत होते तिचे मामू, गुलाम रसूल.

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये जेबा प्राणिशास्त्र शिकवायची. एका बॅचला दीडशे मुलं, फळ्यावर खडूनं काढलेल्या आकृत्या आणि समोर वर्षभराचा अभ्यास. एकदा ती पाणमांजराची आकृती काढत असताना तनुजा नावाची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की शेपटी अशी नसते, बुडाशी चांगली जाड असते. आमच्या नदीत रोज दिसतात. वर्ग हसला. जेबा मात्र घरी जाऊनही तेच घोळवत राहिली. अकरा वर्षं ती जे प्राणी शिकवत होती, त्यांतले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते किती? शेवटी तिनं तनुजाच्या वडिलांना, श्रीमंतभाऊंना, फोन लावला. त्यांचं शेत किनवटच्या जंगलाला लागूनच होतं. या म्हणाले, दाखवतो.

मामूंचा औशाला फोटो स्टुडिओ होता. नांदेडच्या यासेर नावाच्या दुकानदाराकडून त्यांनी चार दिवसांसाठी दोन डिजिटल कॅमेरे मागून आणले होते. एक लहान. त्याची लेन्स बदलता येत नव्हती, पण झूम लांबवर पोचायचा आणि तो साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. दुसरा मोठा, वेगळी लांब लेन्स लावायचा, वरवंट्यासारखा जड. यासेरची एकच अट होती. एक विकत घ्या, पण चार दिवसांनी आधी दोन्ही जसेच्या तसे दुकानात दिसले पाहिजेत. मामूंनी शब्द दिला होता. माहितीपत्रकं वाचून कॅमेरा घेऊ नये, तो गळ्यात अडकवून दोन दिवस चालावं, असं त्यांचं ठाम मत होतं.

पहिल्याच दिवशी ते मत पटलं. श्रीमंतभाऊंच्या मागोमाग सागवानाच्या जंगलातून चालताना तासाभरात मोठ्या कॅमेऱ्यानं जेबाची मान धरली. ओढ्याकाठी नीलगाय दिसली, तेव्हा ती जड लेन्स हातात इतकी हलली की फोटोत नुसता तपकिरी ढग उमटला. मग मामूंनी स्टँड उघडून दिला, आणि पुढचा फोटो असा आला की नीलगाईच्या पापण्यासुद्धा मोजता याव्यात! लहान कॅमेऱ्याची खोड निराळी. त्याचं बटण दाबलं की तो क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तेवढ्यात फांदीवरचा खंड्या उडालेला असायचा. जेबानं सात फोटो काढले आणि सातही फांदीचे आले. आठव्या वेळी तिनं बटण अर्धं दाबून धरलं, श्वास रोखला, आणि खंड्यानं मान वळवताच उरलेलं दाबलं. या वेळी तो सापडला.

मामूंना मात्र तिनं दोनदा कॅमेरा पुढे केला, आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं श्रीमंतभाऊंच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरावरून, नदीकडे उतरले. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत. श्रीमंतभाऊ एकाएकी थांबले. समोर तीस पावलांवर एक अस्वल वारूळ उकरत होतं! जेबाच्या हातात लहान कॅमेरा होता. तिनं तो सावकाश उचलला, नेम धरला.

टीं!

कॅमेऱ्याचा आवाज बंद करायला ती विसरली होती. अस्वलानं मान वर केली. मग ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, आणि त्याच्या छातीवरचा पांढुरका पट्टा स्पष्ट दिसला. कुणी हललं नाही. श्रीमंतभाऊंनी हात मागे करून जेबाची ओढणी धरली आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे टाकायला लावलं. दहा पावलं. पंधरा. अस्वल हवा हुंगत राहिलं, फुरफुरलं, आणि वळून खाली घळीत घुसलं. गवत हलायचं थांबेपर्यंत तिघं तसेच उभे होते.

"आवाज बंद करा त्याचा आधी," श्रीमंतभाऊ हळूच म्हणाले.

डोह दोन तासांच्या वाटेवर होता. काळ्या खडकांच्या मधोमध हिरवंगार, खोल पाणी. पलीकडच्या काठावर वाळूत पाणमांजरांची ताजी पावलं होती, पण इकडून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येत होती. श्रीमंतभाऊंनी नदीतला एक आडवा खडक दाखवला. गुडघाभर पाण्यातून, दगडांवर पाय देत तिथवर जाता येत होतं. खडकावर वाळलेलं एक झुडूप होतं. त्याच्या आडोशाला जेबा आणि मामू बसले. श्रीमंतभाऊ काठावर थांबले.

तास गेला, दुसराही सरत आला. पलीकडून मधूनच एक बारीक शीळ यायची आणि विरून जायची. अशा बसण्यात माणसं एरवी न सांगितलेलं सांगतात. जेबानं विचारलं की तुम्ही कॅमेरा हातात का घेत नाही. मामूंनी पाण्यावरची नजर न काढता सांगितलं. भूकंप झाला तेव्हा किल्लारीच्या बाजूला फोटोग्राफर हवे होते. दफन आणि दहन थांबवता येत नव्हतं, आणि नातेवाइकांनी नंतर ओळखायला फोटो तरी असावेत म्हणून मामूंना नेलं होतं. चार दिवस ते फोटो काढत होते. परत आल्यावर त्यांनी लग्नांची कामं सोडली, जत्रा सोडल्या. स्टुडिओत स्टुलावर बसलेल्या माणसाचे तेवढे फोटो काढत राहिले. पुढे लातूरला क्लासेस वाढले, पोरांना फॉर्मांसाठी पासपोर्ट फोटो लागायला लागले, आणि स्टुडिओ चालला.

"स्टुलावरच्या माणसाला मी सांगतो, हलू नको," मामू म्हणाले. "आणि तो डोळे मिचकावतो. तेवढंच बघायचं असतं मला, बेटा."

जेबानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात काठावरून श्रीमंतभाऊंची हाक आली. पाणी गढूळ झालं होतं. फेस आणि सागाची पानं वाहत येत होती.

"वर कुठं तरी लई पाऊस झालाय. निघा, आत्ताच्या आत्ता निघा!"

मामू पुढे उतरले. जेबा स्टँडवरून मोठा कॅमेरा सोडवत होती. पेच घट्ट बसला होता. तो निघाला आणि तिनं वळून पाहिलं, तर मामू नव्हते! दुसऱ्याच क्षणी ते दिसले. तिसऱ्या दगडावरून घसरून छातीभर पाण्यात अडकले होते, एक पाय दोन दगडांच्या फटीत. पाणी चढत होतं. स्टँड लवंडून वाहून गेला. जेबानं मोठा कॅमेरा झुडपाच्या बुडाशी ठेवला, लहान कॅमेऱ्याची पिशवी दातांत धरली आणि प्रवाहात उतरली.

पाण्यानं तिला ढकललं. तिनं मामूंचा खांदा धरला. पाय ओढून पाहिला, निघेना. पुन्हा ओढला. निघेना! श्रीमंतभाऊंनी डोक्याचा पटका सोडून त्याचं टोक फेकलं होतं. मामूंनी ते मनगटाला गुंडाळलं. जेबानं एका हातानं पिशवी डोक्यावर उचलली, श्वास घेतला, आणि दुसरा हात खाली लांबवत पाण्यात वाकली. बूट. बुटाची नाडी. गाठ ओली, घट्ट. नखानं उकलली. बूट दगडांत राहिला आणि पाय सुटला!

काठावर तिघंही पडून राहिले. मामूंचा घोटा सुजला होता, पण हाड शाबूत होतं. मग तिघांना खडकावरचा कॅमेरा आठवला.

मोठा कॅमेरा तिथंच होता. पाणी त्याच्यापासून हातभर खाली. काही वेळानं वीतभर. श्रीमंतभाऊ जाऊन आणतो म्हणाले, तर जेबानं त्यांना अडवलं. मामू लंगडत उठले. शब्द मी दिलाय, म्हणाले.

"मामू, बसा," जेबा म्हणाली. "यासेरला मी सांगेन काय झालं ते."

ते बसले. पाणीही त्या वितीवर थांबलं. आणि पलीकडची वाळू बुडाल्यामुळे, शीळ घालत, पाच पाणमांजरं त्या खडकावर चढली! दोन मोठी, तीन पिल्लं. अंग झाडलं, एकमेकांवर लोळली, आणि मग एका पिल्लाला कॅमेऱ्याचा पट्टा सापडला. त्यानं तो तोंडात धरून ओढायला सुरुवात केली. कॅमेरा सरकला. खडकाच्या कडेकडे आणखी सरकला.

जेबानं लहान कॅमेरा काढला होता. बटण अर्धं दाबलेलं. श्रीमंतभाऊंनी दगड उचलला. एक दगड पाण्यात पडला असता तर पाणमांजरं पळाली असती आणि कॅमेरा वाचला असता.

मामूंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. तिला काढू द्या."

पिल्लानं मान वर केली, पट्टा तोंडात, मिशांवर पाणी. जेबानं बटण पूर्ण दाबलं.

मग आईनं शीळ घातली आणि पाचही पाण्यात गेली. कॅमेरा खडकाच्या अगदी कडेवर राहिला होता, पट्टा पाण्यात लोंबत. दुपारी पाणी ओसरल्यावर श्रीमंतभाऊंनी तो आणला. पट्ट्यावर बारीक दातांचे व्रण होते, बाकी तो कोरडा होता.

नांदेडला यासेरनं दोन्ही फोटो पडद्यावर लावले. नीलगाईचा लखलखीत होता. पिल्लाचा मोठा करून पाहिला तर दाणेदार दिसत होता. जंगलासाठी सगळे मोठाच घेतात, यासेर म्हणाला. जेबानं सगळं झालेलं सांगितलं, दातांचे व्रण दाखवून माफीही मागितली, आणि लहान कॅमेरा आपल्याकडे ओढला.

"मोठाच चांगला आहे, खरंय," ती म्हणाली. "पण पाण्यात उतरताना तो मी ठेवून आले. हा माझ्यासोबत आला."

पुढच्या रविवारी मामूंचा पाय जमिनीवर टेकायला लागला, तेव्हा दोघं औशाबाहेरच्या तळ्यावर गेले. काठावर एक टिटवी फिरत होती. जेबानं कॅमेरा मामूंसमोर धरला. त्यांनी तो घेतला, डोळ्याला लावला, आणि बटण दाबलं. फोटोत तळं होतं, काठ होता, आणि कोपऱ्यात उडून चाललेला एक पांढरा पंख.

मामूंनी तो फोटो निरखून पाहिला. पण कॅमेरा त्यांनी परत दिला नाही.

"बसेल ती पुन्हा," ते म्हणाले, आणि हळूच खाली बसले.