सहा चाळीसचं विमान

अपेक्षा कोळेकर वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा गुरुबसप्पा हत्तुरे रिकाम्या बाकांकडे बघत चहा पीत होते. विमान शिकणाऱ्या पोरांना हवाई कायदा शिकवणं हे त्यांचं काम. पोरांना विमान आवडायचं, कायदा नाही. त्यामुळे चहाला वेळ पुष्कळ मिळायचा.

तिनं एक कागद पुढे केला. 

"सर, आज पाच वाजता हे दिल्लीला विमान खात्याकडे जाणार. माझं संपलं."

हत्तुऱ्यांनी चष्मा लावला. ती तक्रार होती, छापलेली, खाली बिरुदेव गावडे या मेंढपाळाचा अंगठा. मंगळवारी सांगोल्याजवळच्या माळावर एक विमान जेमतेम दोनशे फुटांवरून गेलं. मेंढरं बुजली आणि खाणीच्या पाण्यात पडली. अकरा मेली. त्यांच्यामागे धावताना बिरुदेव खडकावरून कोसळला, मांडीचं हाड मोडलं. विमान गेल्याची वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं. शेवटी विमानाची इंग्रजी अक्षरं. ती अपेक्षा चालवत असलेल्या विमानाची होती.

"उघड्या माळावर किमान उंची किती?" हत्तुऱ्यांनी सवयीनं विचारलं.

"पाचशे फूट. मी अडीच हजारावर होते, सर. सांगोल्यावरूनच गेले, पण अडीच हजारावर."

"घर तिकडंच ना तुझं?"

"हो. म्हणून तर सगळ्यांना पटलं. घरच्यांना दाखवायला खाली आली म्हणतात." ती थांबली. "सर, माझा बाप मेंढरं राखतो. इंजिनाच्या आवाजानं मेंढरू कसं उधळतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. परवान्याला उड्डाणाचे तीन तास उरलेत माझे. ते जाऊ द्या. आबांचा काल फोन आला होता. एवढंच म्हणाले, 'तू मेंढरं मारलीस व्हय गं?' आणि ठेवला. तेव्हापासून उचलत नाहीत."

हत्तुऱ्यांनी चहा अर्धा ठेवला. ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळीच घडायची.

मुख्य प्रशिक्षक महेश्वर शेटे टेबलावरच्या डाळिंबाचे दाणे वाटीत काढत होते.

"घ्या, हत्तुरे. आपला ऋतुराज घरून आणतो दर आठवड्याला."

"हे पत्र आजच पाठवायला हवं का?"

"प्रकरण दाबलं असं नको व्हायला. शाळेच्या अध्यक्षांचा आग्रह आहे."

"मुलीचं म्हणणं ऐकलं?"

"ऐकलं. नाही म्हणते. सगळेच म्हणतात. वेळ तपासा की. सहा चाळीस. बरोबर तिच्या उड्डाणात बसते."

हत्तुऱ्यांनी उड्डाणांची वही ओढली आणि मंगळवारच्या ओळी उतरवून घेतल्या. अपेक्षा, एकटी, लांबचा फेरा: सहा पाच ते सात दहा. ऋतुराज इंगोले, एकटा, जवळच्या क्षेत्रात सराव: सात पस्तीस ते आठ तीस. दिग्विजय, सोबत शेटे, धावपट्टीभोवती घिरट्या: सात पन्नास ते आठ चाळीस. दिवसभरात एवढीच उड्डाणं.

दिग्विजय अध्यक्षांचा पुतण्या होता. गुन्हेगार तोच निघावा असं शाळेत बऱ्याच जणांना मनापासून वाटलं असतं. पण शेजारी बसलेले शेटे साहेब आणि खाली उभा असलेला सगळा स्टाफ त्याचे साक्षीदार होते.

"पाचपर्यंत थांबा," हत्तुरे म्हणाले.

"पाचपर्यंतच," शेटे म्हणाले आणि दाण्यांवर मीठ भुरभुरलं.

वर्गात पिशवी घ्यायला गेले तेव्हा हत्तुऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं दोन घड्याळं होती. एक सोलापूरचं आणि एक जगाचं. विमानाची सगळी कागदपत्रं जगाच्या घड्याळावर चालतात आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. नव्या पोरांना हे पचायला महिना लागायचा. मग त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. मागं एका पोरानं बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त सगळ्यांना तसाच सांगितला होता.

ते एसटीत बसले तेव्हा दहा वाजले होते. सोलापूरच्या घड्याळाप्रमाणे.

सांगोल्याच्या दवाखान्यात बिरुदेव पाय टांगून पडला होता. उशाशी केराबाई, त्याची बायको, डाळिंब सोलत बसली होती. खाटेखाली आणखी एक पिशवी भरून होती.

"विमानाच्या हापिसातनं आलाय?" बिरुदेवानं विचारलं. "आनि किती अंगठं घ्यायचं हायती?"

"एकही नाही. मामा, विमानावरची अक्षरं वाचलीत तुम्ही?"

"मला एसटीवरची पाटी वाचता येत न्हाई. विमानाची कुटनं वाचू?"

"रंग?"

"पांढरं. सगळीच पांढरी असत्यात की."

"किती वाजले होते?"

"आमच्याकडं घड्याळ न्हाई. मेंढरं सावलीतनं उठून पान्याला चालली हुती. दीडची यष्टी धूळ उडवत सडकंनं गेली. तेवढ्यात ह्ये आलं डोक्यावर. एकदा गेलं. मग वळून परत आलं." तो छताकडे बघत राहिला. "अकरा गेली. दोन गाभन हुती."

केराबाईनं डाळिंब बाजूला ठेवलं.

"पत्रात सहा चाळीस लिहिलंय."

"सकाळचं का सांजचं?" केराबाई म्हणाली. "सकाळी तवा मेंढरं वाघरीत असत्यात. जाळीच्या आत. ह्या थंडीत दिवस तरी उगवतो का?"

"नाही उगवत," हत्तुरे म्हणाले. "मग हे लिहिलं कुणी?"

"एक पोरगं आलं मंगळवारी सांजच्याला," बिरुदेव म्हणाला. "लई मायाळू. माझ्यापेक्षा त्येच जास्त रडलं. दुसऱ्या दिवशी कागद छापून आनला. म्हनलं, मामा, अंगठा द्या, मेंढरांचा पंचनामा हुईल. ही डाळिंबंबी त्यानंच आनली. दोन पिशव्या."

"आता सांगोल्यात डाळिंबं कोन इकत घेतंय? दारोदारी बागा हायती." केराबाई म्हणाली. "घरची असनार."

हत्तुरे तिथून बसस्थानकावर गेले. मंगळवारची दीडची गाडी माळावरून खरोखर दीडला गेली होती, हे मान्य करायला वाहतूक नियंत्रक तयार होईना. असं होत नाही, म्हणाला. अखेर त्यानं नोंद काढली. सुटली होती एक पंचवीसला, माळाचा थांबा एक तीसला. दोघांनीही ती ओळ पुन्हा वाचली. हत्तुऱ्यांनी तिची नक्कल घेतली.

परतीची गाडी मात्र मंगळवेढ्यापाशी पंक्चर झाली. रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी शेट्यांना तीन वेळा फोन लावला. लागला नाही. शेवटी ज्वारीच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं त्यांनी सोलापूर गाठलं.

पाचाला बारा मिनिटं कमी होती. शेट्यांचं बोट कळफलकावर होतं. समोर अपेक्षा बसली होती, रडून झालेल्या माणसासारखी. दाराशी ऋतुराज आणि दिग्विजय उभे होते. सहकाऱ्याचा निकाल ऐकायला माणसं नेहमी वेळेवर येतात.

"थांबा," हत्तुरे म्हणाले. "साहेब, हे पत्र खरं धरायचं असेल तर तिच्यावर आणखी एक आरोप घाला. मंगळवारी सूर्य उगवला सात पाचला. नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला त्याआधी फार तर वीस मिनिटं निघता येतं. सहा पंचेचाळीस. विमान सहा चाळीसला माळावर होतं म्हणजे नियम मोडला."

शेट्यांनी हसून मान हलवली. "अहो, सहा चाळीस म्हणजे आपलं बारा दहा. दुपारचं."

"आपलं. मेंढपाळाचं नाही."

 शेट्यांनी पत्र उचलून पुन्हा वाचलं. चार दिवस ते वाचत होते. शाळेत सगळेच वाचत होते. एकालाही ते विचित्र वाटलं नव्हतं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात तेच घड्याळ टिकटिकत होतं.

"बिरुदेवाला अक्षर येत नाही, घड्याळ नाही," हत्तुरे म्हणाले. "तरी पत्रात विमानाची अक्षरं आहेत, फुटांतली उंची आहे आणि जगाची वेळ आहे. म्हणजे पत्र इथं बसून लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यानं ही वही उघडली, अपेक्षा कधी वर होती ते बघितलं आणि तिच्या उड्डाणाच्या मधला एक आकडा उचलला. तो साडेपाच तासांनी पुढं करायचा राहिला. बाहेरचा माणूस ही चूक करूच शकत नाही."

"मग विमान खरं कधी गेलं?"

"दीडला. एसटी त्याच वेळी शेजारून गेली, ही नोंद. दीड म्हणजे वहीत आठ. अपेक्षा सात दहालाच उतरली होती. आठ वाजता वर दोन विमानं. एक धावपट्टीभोवती, तुमच्यासकट. दुसरं जवळच्या क्षेत्रात सरावाला, एकटं."

दिग्विजयनं नकळत एक पाऊल बाजूला घेतलं. दारात ऋतुराज एकटा उरला.

"सर, एसटीवर कोण विश्वास ठेवतो?" ऋतुराज म्हणाला.

"मीही ठेवला नसता. पण बिरुदेवाच्या खाटेखाली डाळिंबांची पिशवी आहे. सांगोल्यात डाळिंबं विकत घेऊन कुणी आजाऱ्याला देत नाही. घरचीच नेतात. तशीच घरची, साहेब, या वाटीत आहेत."

शेट्यांनी वाटी हळूच दूर सरकवली.

"बिरुदेव तुला ओळखेल. चल म्हणालो तर येशील?"

ऋतुराज खुर्ची न ओढता खालीच बसला.

"आई गच्चीवर उभी होती," तो म्हणाला. "तिला सांगितलं होतं, मंगळवारी दीडला वर बघ म्हणून. लाल पातळ नेसून उभी होती. पहिल्यांदा दिसली नाही, म्हणून वळून परत गेलो. तेव्हा खाली मेंढरं..." त्यानं तोंड पुसलं. "मला पुढच्या महिन्यात नोकरीची मुलाखत आहे, सर."

"आणि मला का अडकवलंस?" अपेक्षानं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझंही घर तिकडंच. म्हटलं, सगळ्यांना पटेल."

शेट्यांनी लिहिलेला मजकूर पुसला आणि नव्यानं सुरुवात केली. नावाशी पोचल्यावर त्यांची बोटं थोडी थांबली, मग चालू लागली.

बाहेर व्हरांड्यात हत्तुऱ्यांनी दवाखान्यात फोन लावून केराबाईला बोलावून घेतलं. झालेलं सांगितलं. आणि म्हणाले, "कोळेकरांना ओळखता ना? त्यांना तिथूनच फोन करून तुम्हीच सांगा. आमचं ते ऐकायचे नाहीत."

दहा मिनिटांनी अपेक्षाचा फोन वाजला. तिनं झटकन उचलला.

"उद्या जायाचं हाय का तुला?" पलीकडून आवाज आला.

"व्हय, आबा. साहेब म्हणाले, तीन तास पुरं कर."

"कवा येशील हिकडनं? मेंढरं लांब न्हेतो."

"चार चाळी..." ती थांबली. तिनं हत्तुऱ्यांकडे पाहिलं, मग वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीकडे, आणि बोटांवर मोजलं.

"दहा वाजून दहा मिन्टं, आबा. आपल्या घड्याळात. मेंढरं राहू द्या तिथंच. मी लई उंचावरनं जाते."