दोन्ही दिवे लाल

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. रबाळ्याच्या औषध कारखान्यातला सर्व्हर तीन वर्षं त्यांनी सांभाळला, आणि एवढ्या काळात तो एकदाही बंद पडला नव्हता. १९९८च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा एकटी तिथे गेले. माझ्या हातून तो बंद पडू नये, एवढंच मला हवं होतं.

यंत्राच्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी वीज पुरवणारे दोन पॉवर सप्लाय होते, विटेएवढे; पुढच्या बाजूला प्रत्येकाचा एक दिवा, चालू असला की हिरवा, नाहीतर लाल. एक बिघडला की यंत्र चालू असतानाच तो काढायचा; तोवर दुसरा सगळा भार घेतो. चुकीचा निघू नये म्हणून बाबांची एक पद्धत होती. मागे बसून ते सांगायचे, "डावा काढतोय." पुढे दिव्यांपाशी उभी राहून मी म्हणायचे, "उजवा सांभाळतोय." उत्तर आल्याशिवाय ते हात लावत नसत.

"डावा लाल आहे, ताई," सिस्टिम बघणारे फजलभाई दिव्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "आणि चपला बाहेर काढा, नायतर बाबा वरून ओरडतील." ते हसले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. बाबांची पद्धत मी त्यांना समजावून सांगितली.

मागे जाऊन बसले. फरशी गार होती. कपाटाएवढ्या यंत्रापलीकडचं काही दिसत नव्हतं. पंख्यांची घरघर, आणि कारखान्याचा तो आंबट वास इथेही.

"डावा काढते."

"उजवा सांभाळतोय," पलीकडून आलं.

खटका दाबून मी सप्लाय बाहेर ओढला. तो चांगलाच गरम होता. त्याचा पंखा माझ्या हातात अजून गरगरत होता. बिघडलेल्याचा पंखा फिरत नाही.

दार उघडलं. फजलभाई आत आले. "सॉरी हां, गेटवरून फोन होता. करायचं सुरू?"

"तुम्ही आत्ता उत्तर दिलंत ना?"

"मी? मी बाहेर होतो, ताई." ते पुढे जाऊन उभे राहिले. दिव्यांकडे वाकून पाहिलं. "दोन्ही लाल. चांगलावाला काढलात तुमी."

त्यांचा डावा माझ्या उजव्या हाताला होता. इतकी साधी गोष्ट.

"मग हे चालतंय कशावर?" त्यांनी विचारलं.

पंखे फिरत होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पडद्यावर कारखान्यातल्या तापमानाचे आकडे बदलत होते.

"लावा परत. पटकन."

मी सप्लाय खाचेत सरकवला. अर्ध्यावर तो अडला. धातूला धातू लागावा तसा नाही. मऊ. मी जोर लावला. आतूनही तेवढाच जोर आला.

"बाबा," मी हळू म्हटलं, "सोडा आता. मी आहे."

काही हललं नाही. मला पुढे रेटवेना.

खट्.

"हिरवा!" फजलभाई ओरडले. "बसवलात की हो!"

माझे दोन्ही हात मांडीवर होते.