बाराही बैल कामाला

"ताई, चार वाजता कंपनी विकत घेणारे पावणं येणार, आणि त्यांच्यापुढं मी लबाड ठरणार!" सयाजी एका दमात म्हणाला.

घोडेगावातल्या त्याच्या ऑफिसात तीन वाजून गेले होते. उज्ज्वला खाजगी तपास करायची. सोबत तिचे मामा कुशाबा, ज्यांचं अर्धं आयुष्य बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलेलं.

सयाजीची ही चौथी कंपनी. पहिल्या दोन त्यानं उभ्या करून विकल्या, तिसरी बुडाली, तेव्हा चारचौघांत लोक त्याला भामटा म्हणाले. आता बैलाच्या गळ्यातला पट्टा बनवला होता, रोजची हालचाल टिपून दुखणं यायच्या आधीच मोबाइलवर इशारा देणारा. चाचणीतल्या बारापैकी दोन बैलांचा इशारा सयाजीनं स्वतः पाहिला होता आणि पावण्यांना तसं कळवलंही होतं. आज नोंदी उघडतो तर बाराही ठणठणीत! कुणीतरी खऱ्या नोंदी काढून बनावट भरल्या होत्या.

कुशाबांनी त्या नोंदींचे कागद चाळले. "श्रावण अमावास्येला बाराही बैल बसून. मग भाद्रपद सरेपर्यंत रोज कामाला, एक खाडा न्हाई. लई नंबरी जनावरं, राव!"

कंपनीतल्या तिघांचा नोंदींशी संबंध यायचा; उज्ज्वलानं त्यांना एकेक करून बोलावलं.

निमगाव सावाची अश्विनी प्रोग्रॅम लिहायची. ती रडकुंडीला आली होती. "नोंदी माझ्या पासवर्डनं बदलल्यात, पण तो तर टेबलावर चिकटवलाय."

पट्टे बांधणारा गोरख तापलाच. "पोळ्याला बैल मिरवले तवा पट्टे मी पुसले! सर्वपित्रीचं जेवण टाकून गेलो व्हतो. आन् मीच चोर?"

विक्री बघणारा अमृत शांत होता. "मी यवतमाळचा, बसतो पुण्यात. इथं महिन्यातून एकदा येतो. बैलातलं मला काय कळतं?"

पावणेचारला उज्ज्वलानं सगळ्यांना समोर बसवलं.

"मामा, आपल्याकडं पोळा कधी?"

"हे काय विचारणं झालं? भाद्रपद अमावास्येला, सर्वपित्रीला." आणि मामांनी कपाळावर हात मारला. "आयला! त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? इथं कोण ठेवील?"

"कुणीच नाही. नोंदी खऱ्या वाटाव्यात म्हणून बनवणाऱ्यानं पोळ्याची सुट्टी आठवणीनं दिली. पण दिली श्रावणातली, त्याच्या गावची. अश्विनी आणि गोरख इथले, ते ही चूक करणार नाहीत. अमृत, यवतमाळला पोळा श्रावण अमावास्येलाच ना?"

अमृतनं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "खऱ्या नोंदी यात आहेत."

"तू?" सयाजी म्हणाला. "पहिल्या कंपनीपासून सोबत असलेला तू?"

"म्हणूनच सर. दोनदा तुम्ही विकून मोकळे झालात आणि नव्याच्या मागं लागलात. नव्या मालकांनी मागच्या पोरांना महिन्यात घरी बसवलं. वाटलं, ही तरी विकली जाऊ नये."

अशी पोरं किती होती, हे सयाजीनं कधी विचारलंच नव्हतं. बाहेर गाडी थांबली.

"तू वंगाळ केलंस, अमृत. शिव्या उद्या घालतो," तो उठला. "ताई, पावण्यांना खऱ्या नोंदी दाखवतो. पण माझी माणसं तीन वर्षं कामावर राहतील, हे लिहून दिल्याशिवाय सही नाही."

"म्हणजे अश्विनी आणि गोरख," मामा म्हणाले.

"तिघं," सयाजी म्हणाला आणि दार उघडायला गेला.