ओढभिंग

मोतीबिंदू काढल्यावर पहिला आठवडा कशाकडे बघत काढायचा, हे आता मिरजेत घरोघरी आधीच ठरतं. कारण ओढभिंग. हे कृत्रिम भिंग डोळ्यांत बसवताना मऊ असतं. नजर जिथे जास्त रेंगाळते त्या अंतराचा बाक ते हळूहळू धरतं आणि आठवड्याअखेर कायमचं घट्ट होतं. तेवढं अंतर मग तरुणपणीही दिसलं नसेल इतकं लख्ख दिसतं, बाकीचं धूसर.

डॉक्टर मुजावरांनी केतकीताई सामंतांना परोपरीनं सांगून पाहिलं.

"काकू, साधं भिंग घ्या. जवळचं बघायला चष्मा लागेल, एवढंच."

"चष्म्यावर पेजेची वाफ बसते हो. ह्यांना भरवताना ओठ दिसायला हवेत मला."

पक्षाघातानं हृषीकेशरावांचा आवाज गेला होता. ओठ जेमतेम हलत. ओठ वाचणाऱ्या यंत्रांनाही ते उमगत नसत, फक्त केतकीताईंना वाचता येत.

"मग आठवडाभर त्यांच्याच उशाशी बसा. चुकलं तर पुढे चष्माही चालणार नाही. कुठलीही काच लावा, भिंग तिच्यावर मात करून ठरल्या अंतरावरच परत येतं. काढायला गेलो तर डोळा जाईल."

"जन्मभर दुसरं काय केलंय मी?" केतकीताई हसल्या.

पण आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन झालं की माणसं भेटायला येतात. शहाळी घेऊन येतात आणि सोफ्यावर ठाण मांडतात. नणंद आली, भिशीतल्या बायका आल्या, वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी तर रोज आले. येऊ नका म्हणायला जीभ रेटेना, आणि आलेल्याशी तोंड फिरवून बोलायचं कसं? नवरा काय, घरचाच. त्याच्याकडे नंतर बघू. मेली ही भीड!

खाटेपासून सोफा जेवढा लांब होता, तेवढ्या अंतरावर भिंग घट्ट झालं.

"पुन्हा मऊ नाही का करता येत?" त्यांनी विचारलं.

मुजावरांनी मान खाली घातली. "नाही, काकू."

घरी वाटी घेऊन त्या खाटेवर बसल्या. समोर चेहऱ्याच्या जागी नुसता सावळा डाग होता. त्यात काहीतरी हललं.

"काय म्हणता? पुन्हा म्हणा."

पुन्हा हललं. चमचा हनुवटीला लागला, पेज सांडली. त्यांना रडू कोसळलं. शेवटी त्या उठल्या आणि पाहुण्यांच्या जागी, सोफ्यावर जाऊन बसल्या.

तिथून सगळं दिसलं. वाढलेली दाढी, हनुवटीवरची पेज, ओले डोळे. ओठ हलले आणि त्यांना पहिल्याच खेपेला वाचता आले.

जवळ ये, एवढंच ते म्हणत होते.