थोरलीचा आवाज

बोटीत डोळे मिटून बसलेला माणूस एक तर झोपलेला असतो, नाहीतर ओकायच्या बेतात. हा झोपलेला दिसत नव्हता. म्हणून मी एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने त्याच्या पायाशी बादली सरकवली.

त्याने डोळे उघडले. आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही कशाला?"

"बोट धुवायला मला वेळ नाही."

"मी बरा आहे." तो हसला. "तुमचं इंजिन बरं नाही. तेच ऐकत होतो."

मला असा राग आला... कारण थोरलीला नावं ठेवायचा हक्क फक्त घरच्यांचा. थोरली म्हणजे आमचं इंजिन. बाबांनी ते या बोटीत बसवलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. त्यामुळे घरात ती थोरली, आणि मी एकुलती एक असूनही धाकटी. नदीच्या दोन्ही काठांवर मला याच नावाने हाक मारतात. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण ते आता मलाही मुद्दाम आठवावं लागतं.

बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, फेरीबोट मी चालवते. आमच्या बोटीला वेळापत्रक नाही. थोरली सुरू झाली की तिचा धडधडाट पलीकडच्या टेकडीवर पोचतो. मग तिथला शिंपी कात्री ठेवतो, शिक्षिका फळा पुसते, आजीबाई दाराला कडी घालतात. बोटीला नदी ओलांडायला बारा मिनिटं लागतात आणि त्यांना टेकडी उतरायला दहा. मी धक्क्याला लागते तेव्हा सगळे उभे असतात. इतकी वर्षं कुणी घड्याळ पाहिलेलं नाही.

पण गेल्या महिन्यात थोरली ऐन धारेत बंद पडली. बोटीत अकरा माणसं होती. मी आणि शिंप्याने वल्ही मारत बोट कशीबशी काठाला लावली, धक्क्यापासून बरीच खाली. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी शहरातल्या इंजिनवाल्या कंपनीला फोन केला.

बाबांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी हा आला. कंपनीचा माणूस म्हणजे चकचकीत बूट आणि कातडी बॅग, अशी माझी समजूत. याच्या खांद्यावर कळकट पिशवी होती आणि अंगठ्याच्या नखाखाली काळं वंगण. बादली प्रकरणानंतर धक्क्यावर उतरताना त्याने आपण कोण ते सांगितलं, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तो पाच दिवस राहिला. दिवसभर इंजिनाच्या खोलीत उताणा पडलेला असायचा. पंखा फिरवणारा शाफ्ट मोजायचा, हातोडीच्या दांड्याने लाकूड ठोकून कान लावायचा. फेरीच्या वेळी वर येऊन मुकाट्याने एका कडेला बसायचा. मी पाण्याकडे बघत असे, तो माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघितलं की तो पाण्याकडे. प्रवाशांना हे माझ्या आधी कळलं असावं, कारण आजीबाई रोज त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवायला लागल्या होत्या.

कंपनीने त्याला मोठं इंजिन खपवायला पाठवलं होतं. पाचव्या दिवशी त्याने बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं की मोठं घेऊ नका. बोटीची चाल तिच्या लांबीवर ठरते. दुप्पट ताकद घातली तरी ती दुप्पट पळणार नाही, नुसती मागून पाण्यात बसेल. शिवाय ज्या लाकडांवर इंजिन बसतं ती तेवढं वजन पेलणार नाहीत.

"नाकापेक्षा मोती जड," बाबा म्हणाले. तीन दिवसांच्या अबोल्यानंतरही त्याच्याशी ते लगेच बोलायला लागले होते, याची मी नोंद घेतली.

"छोटं नवं बसवता येईल," तो म्हणाला. "किंवा हेच दुरुस्त करून देतो. पण आत बारीक तडा गेलाय."

बाबा काठी टेकत बाहेर गेले. मी विचारलं, "तुम्ही काय कराल?"

तो पान्यावरचं तेल पुसत राहिला. "जुनं ठेवलंत तर मला दर महिन्याला यावं लागेल."

"मग?"

"मला चालेल." त्याने पाना खाली ठेवला. "नदीला चालणार नाही."

खरं सांगते, पहिलं वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं. दुसरं वाक्य ऐकूच आलं नसतं तर बरं, असंही वाटलं. पण अकरा चेहरे डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

कंपनीकडे ग्राहकांना दाखवायला ठेवलेलं एक छोटं इंजिन होतं. आठ दिवस वापरून बघा, नाही पटलं तर काढून नेऊ, असं ठरलं. त्याने ते बसवलं. थोरलीला चौघांनी उचलून आमच्या छपरीत ठेवलं. बाबांनी तिच्यावर स्वतःची चादर घातली.

पहिल्या फेरीला तोही बरोबर होता. पाऊस भुरभुरत होता. नवं इंजिन सुरू झालं ते मला कळलंसुद्धा नाही. बोट अशी गेली की पाण्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या जिवात जीव आला. आम्ही पलीकडच्या धक्क्याला लागलो.

धक्क्यावर कुणीच नव्हतं.

आधी मला वाटलं, पावसामुळे. मग वर बघितलं. शिंप्याच्या दुकानात दिवा होता, मशीन चालू होतं. शाळेतून मुलांचे पाढे ऐकू येत होते. बोट आलीय हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्याने कपाळावर हात मारला. "शाफ्ट मोजला, लाकूड मोजलं. तुमची माणसं आवाजावर येतात, हे पाच दिवस डोळ्यांनी बघितलं, तरी डोक्यात आलं नाही."

मीही तेच केलं होतं, आणि माझा तर जन्म या बोटीत गेला. आम्ही ताडपत्रीखाली बसलो. वर जाऊन हाका माराव्यात हे दोघांनाही सुचायला हवं होतं. सुचलंही असेल... कुणी उठलं मात्र नाही. त्याने विचारलं, लहानपणी थोरलीचा हेवा वाटायचा का? मी म्हटलं, फार वाटायचा, बाबा शाळेतून मला आणायला विसरायचे पण तिला तेल द्यायला कधी विसरले नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. माझ्या खांद्यावर ताडपत्रीतून पाणी गळत होतं तिथे त्याने आपली पिशवी धरली, आणि हात अवघडला तरी खाली घेतला नाही.

अर्ध्या तासाने शिंप्याचं लक्ष गेलं. तो टेप गळ्यात तसाच ठेवून धावत आला आणि येतायेताच भांडायला लागला.

परत आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगाल तर थोरली परत बसवू. मनातून मला तेच हवं होतं, आणि कशासाठी हवं होतं तेही मला माहीत होतं. दर महिन्याला यावं लागेल, यासाठी.

बाबांनी छपरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोट तू चालवतेस. धारेत तू असतेस. तूच सांग."

"नवं," मी म्हटलं.

बाबांनी आजोबांची पितळी घंटा ट्रंकेतून काढून दिली. निघण्याआधी तीन ठोके द्यायचे, असं दोन्ही काठांवर कळवलं. त्याने घंटा बोटीवर टांगली, पिशवी उचलली आणि म्हणाला, "पन्नास तास चाललं की पहिली सर्व्हिसिंग. त्यासाठी मी येईन."

इंजिनाला तासांचं मीटर होतं. आमच्या फेऱ्यांच्या हिशेबाने पन्नास तासांना तीन आठवडे लागले असते. तीन आठवडे म्हणजे फार. मी दुपारी, कुणी नसताना, रिकाम्या फेऱ्या मारायला लागले. त्यांना घंटाही देत नसे, उगाच माणसं उतरून यायची. बाबांनी एकदा विचारलं, एवढी नदीची ओढ कधीपासून? चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, इंजिन मोकळं व्हायला हवं. ते म्हणाले, होऊ दे मोकळं.

त्यांचं तरी काय वेगळं होतं? थोरलीला गंज चढू नये म्हणून एका रविवारी त्यांनी तिला थंड ठेवणारी पाण्याची नळी पिंपात सोडली आणि छपरीतच तिला सुरू केलं. पलीकडे सवयीने अख्खी टेकडी खाली उतरली. आजीबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी मीटरवर एकतीस होते. मी रिकामी बोट घेऊन, घंटा न देता, निघाले. ऊन मऊ होतं. पलीकडचा धक्का दिसायला लागला, आणि त्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. शेजारी कळकट पिशवी.

बोट लागली तरी दोर टाकायचं मला भान नव्हतं. त्यानेच तो ओढून बांधला.

"घंटा दिली नव्हती मी," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग कशावर आलात?"

"सकाळच्या बसने. फेरीची माणसं गेली, तेव्हा मागे झाडाखाली होतो. धीर होत नव्हता." तो पिशवीचा बंद गुंडाळत होता. "किती झाले?"

"एकतीस."

"मग कामाचं कारण देता येणार नाही." त्याने वर पाहिलं. "मला तू आवडतेस. पन्नास होईपर्यंत राहवलं नाही."

मला हुशार असं काही बोलायचं होतं. मी नुसतं सांगून टाकलं, की या एकतीसमधले दहा तास फुकटचे आहेत, रिकाम्या बोटीचे, आणि ते सगळे त्याच्यासाठी चालवलेत. सांगताना रडू येईल असं वाटलं नव्हतं. त्याने माझा हात हातात घेतला. दोघांच्याही हातांना डिझेलचा वास होता.

तेवढ्यात आमच्या काठावरून धडधडाट सुरू झाला. अडखळत, पण मोठ्याने. बाबा छपरीच्या दारात उभे होते. एवढ्या लांबूनही काठी ओळखू येत होती. आज रविवार नव्हता.

वर शिंप्याचं मशीन थांबलं. आजीबाईंच्या दाराची कडी वाजली.

"आता?" त्याने विचारलं. हात मात्र सोडला नाही.

"टेकडी उतरायला त्यांना दहा मिनिटं लागतात," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी बसले.