न कुजणारी चिंधी

गॅसचा सिलिंडर आणायला जातो असं सांगून ग्विन प्रोसर निघाला, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ज्यात राहून ते फिरत होते त्या कॅम्पर गाडीतल्या शेगडीचा गॅस खरोखरच संपत आला होता. नोरीनमावशींच्या स्वयंपाकघरात त्याची बायको डर्वला कालपासून जी गप्प बसली होती, ती तशीच बसून होती. मावशी पावाचं पीठ मळत होत्या. त्यांनी एकदा ग्विनकडे पाहिलं आणि नजर पुन्हा परातीत घातली. म्हातारी माणसं पुष्कळ ओळखतात. बोलत नाहीत, एवढंच.

"मी पण येते," त्यांची लेक कॅरिस म्हणाली.

"सिलिंडर बघायला? त्यात काय बघायचंय, राणी?"

"इथे मावशीआजी मला सारखी खायला घालते आणि माझ्याकडे बघून रडते. काल बटाटे कुस्करताना पण रडत होती. म्हणून खारट झाले होते."

ग्विनला हसू आलं. त्याने तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. अकरा वर्षांची पोर, पण हाताला वजन म्हणून लागत नव्हतं. तिने अंगात तोच पिवळा रेनकोट घातला होता. ऊन असो, पाऊस असो, गेल्या वर्षापासून तो तिच्या अंगावरून उतरत नसे. त्याच्या डाव्या बाहीचा मनगटाकडचा पट्टा कापलेला होता आणि तिथून तिचं काडीसारखं मनगट बाहेर आलं होतं.

ग्विन वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डच्या बंदरात कामाला होता. आयर्लंडहून आलेली बोट धक्क्याला लागली की तिचे दोर बांधायचे, निघाली की सोडायचे. रक्ताचा तो दुष्ट आजार पोरीला जडल्यापासून त्याने धक्का आणि हॉस्पिटल यांखेरीज काही पाहिलं नव्हतं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधं थांबवू या, सुट्टी आहे, छान फिरून या. त्या इतक्या गोड आवाजात बोलल्या की त्याचा अर्थ डर्वलाला घरी पोचल्यावर कळला. तोवर कॅरिसने भिंतीवरच्या नकाशावर आपलं आणि आयर्लंडचं अशा दोन्ही बेटांभोवती बोट फिरवून टाकलं होतं. "हे सगळं. गोल."

तर ते गोल फिरत होते. यॉर्कशायरच्या वाळूत तिने चिप्स खाल्ले आणि अर्धे पक्ष्यांना घातले. स्कॉटलंडच्या तळ्यांवर पाऊस लागला, तर ती खिडकीला नाक लावून बसली. बेलफास्टला बोटीने उतरून ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने खाली आले. प्रत्येक मुक्कामाला ती थोडी अधिक झोपत होती. नवरा-बायको एकमेकांशी फक्त रस्त्याबद्दल बोलत.

मावशींच्या गावाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक नवसाची विहीर लागते. डर्वला लहानपणी तिथे आली होती. विहिरीवर एक काटेरी झाड वाकलेलं आहे आणि त्याला चिंध्याच चिंध्या: रुमाल, मोजे, तान्ह्या बाळाचं लाळेरं, कुणाचा तरी टाय. दुखणेकऱ्याच्या अंगावरल्या कपड्याची चिंधी फाडायची, विहिरीत भिजवायची आणि झाडाला बांधायची. ती जसजशी कुजते तसतसं दुखणं झिजतं. ग्विन कडक घरात वाढलेला, असल्या गोष्टींना हसणारा. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि बुडणारी आपली पोर असेल तर बाप काडी कोणाची ते विचारत नाही. मावशींकडे येताना तिथे थांबून त्यानेच खिशातला चाकू काढला, त्यानेच रेनकोटची बाही कापली. चिंधी बांधलीही त्यानेच, धक्क्यावरच्या गाठीने, शेवटी एक उलटा पीळ देऊन. तो पीळ त्याच्या बापाने त्याला शिकवला होता. आख्ख्या बंदरात दुसरं कुणी तसा देत नसे.

काल मावशींकडे चहा घेताना डर्वलाने ते सांगितलं. सांगताना तिचा चेहरा किती दिवसांनी जरा उजळला होता.

"चांगलं केलंत," मावशी म्हणाल्या. "कशाची बांधलीत?"

"रेनकोटची. दुसरं काही ती अंगात घालतच नाही."

मावशींनी कप खाली ठेवला. "नायलॉनचा?"

डर्वलाने होकाराची मान हलवली.

"अगं पोरी... लोकर बांधायची, सुती बांधायचं. कुजेल असं काहीतरी. हे तर तुझ्यामाझ्यामागे शंभर वर्षं तसंच राहील."

"मला कळायला हवं होतं," डर्वला म्हणाली. "मी इथली... मला कळायला हवं होतं." त्यानंतर ती बोललीच नाही.

"त्यात काय," ग्विन म्हणाला. "जाऊन सोडतो. दुसरी बांधतो."

"हात लावू नकोस!" म्हातारीचा आवाज एकदम चढला, मग खाली आला. "बांधलेली चिंधी सोडायची नसते रे. जो सोडतो, त्याला तिच्यातलं सगळं चिकटतं."

ग्विनने मान हलवली आणि चहा संपवला. त्या रात्री, किती महिन्यांनी कोण जाणे, त्याला गाढ झोप लागली. सगळं चिकटतं. त्याला तेवढंच हवं होतं.

सिलिंडर वाटेतल्या पंपावर मिळाला. तिथून त्याने गाडी डोंगराकडे वळवली. दुपारची वेळ होती, पण धुकं उतरायला लागलं होतं. मेंढ्या रस्त्याच्या कडेला दगडांसारख्या बसून होत्या.

"आपण विहिरीवर चाललोय ना?" कॅरिसने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही शीळ घालताय. गंमत करायची असली की घालता."

फाटकापाशी त्याने गाडी थांबवली, तिच्या मांडीवर घोंगडी टाकली. "काच वर ठेव. दार उघडू नकोस. मी आलोच."

"बाबा..."

"काय गं?"

"काही नाही. लवकर या."

पायवाट ओल्या गवतातून जात होती. आधी वास आला, भिजलेल्या लोकरीचा आणि जुन्या, कुजत चाललेल्या कापडाचा. मग आवाज. चिंध्या फडफडत होत्या. ग्विन पावलं टाकत राहिला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं की वारा नाही. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं. आवाज मात्र चालूच होता, कुणी लहान मूल घाईने अंगात रेनकोट चढवत असावं तसा.

धुक्यातून झाड पुढे आलं आणि तो जागीच थांबला.

सगळं झाड पिवळं होतं.

रुमाल नव्हते, मोजे नव्हते, ते लाळेरं नव्हतं. फांदी न् फांदी पिवळ्या नायलॉनच्या पट्ट्यांनी भरली होती, सगळ्या सारख्या, सगळ्या कोऱ्या करकरीत. कुणीतरी थट्टा केली, असं त्याने स्वतःला सांगितलं. शाळेतली पोरं असतील. मग गाठीवरून आपली आपल्याला ओळखू येईल म्हणून तो जवळ गेला. पहिल्या गाठीला उलटा पीळ होता. दुसरीला होता. त्याने वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. प्रत्येक गाठ त्याच्या हातची होती.

पळून जावं असं त्याला फार वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गाडीत पोर बसली होती. विहिरीच्या अंगाची, कॅरिसच्या डोक्याच्या उंचीची फांदी, एवढं त्याला आठवत होतं. त्या फांदीवरच्या एका चिंधीला त्याने हात घातला. "देवा, माझ्या अंगावर येऊ दे," तो मोठ्याने म्हणाला. "सगळं. माझ्याच अंगावर येऊ दे."

गाठ मुकाट्याने सुटली आणि त्याच क्षणी फडफड थांबली. छातीत काहीतरी थंड येऊन बसलं, ओलं कापड ठेवावं तसं. ग्विनला त्याचा इतका आनंद झाला की रडू फुटलं. मिळालं. आलं माझ्याकडे. तो धापा टाकत फाटकाकडे पळाला.

कॅरिस सीटवर तशीच बसली होती, तशीच पांढरीफटक. आता दुखणं उतरेल, त्याने मनाला समजावलं. लगेच कसं उतरेल? तिने काच खाली केली तशी त्याने मूठ उघडून चिंधी दाखवली.

तिने ती आपल्या कापलेल्या बाहीला लावून पाहिली. कडा जुळेनात. तिने उलटी करून लावली, पुन्हा सुलटी केली.

"बाबा, ही माझी नाहीये."

"नीट बघ, राणी..."

"ही तिची आहे."

"कुणाची?"

"मगाशी आली होती ना, ती मुलगी. माझ्या शेजारी बसली होती. माझ्यासारखाच रेनकोट होता तिला, पण तिच्या दोन्ही बाह्या पूर्ण." कॅरिसने जांभई दिली. "तुझ्या बाबांना थँक्यू सांग म्हणाली."

गाडीची दारं आतून बंद होती. शेजारची सीट ओलीचिंब होती आणि तिचा पट्टा लावलेला होता.

ग्विन पुन्हा धावत झाडाकडे गेला. तिथे रुमाल होते, मोजे होते, टाय होता, लाळेरं होतं, सगळं आपापल्या जागी कुजत होतं. पिवळी चिंधी एकही नव्हती. त्याने काट्यांत हात घालून हात रक्तबंबाळ करून घेतले, गवतात रांगून शोधलं, विहिरीत खांद्यापर्यंत हात बुडवला. खालून गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत तो शोधत होता. कॅरिस एकटी घाबरली होती.

फेरी त्यांनी पुरी केली, कारण तिला गोल पूर्ण करायचा होता. पानगळ सरायच्या आत ती गेली. शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी बसून तो काय म्हणत होता ते डर्वलाने ऐकलं. तो पोरीची माफी मागत होता. आपण जीव द्यायला निघालो आणि तो परक्या पोरीच्या हाती देऊन आलो, हे त्याने बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ग्विनला काय झालंय ते डॉक्टरांना सापडत नाही. छातीतलं ते थंड हलत नाही, तो वर्षागणिक वाळत चाललाय, पण मरत नाही. धक्क्यावरचं काम त्याने सोडलेलं नाही. ते काम सोड म्हणून डर्वला हात जोडते, तरी तो ऐकत नाही.

कारण दर उन्हाळ्यात आयर्लंडहून येणाऱ्या एखाद्या बोटीच्या कठड्याशी ती विहिरीवरची मुलगी उभी असते, पिवळा रेनकोट घालून, गालांवर लाली. उतरणाऱ्यांत ती कधीच नसते. तो दोर बांधताना ती वाकून त्याच्या गाठीकडे पाहते. पहिल्या वर्षी तो शिव्या देत फळीवरून वर धावला होता, लोकांनी त्याला धरून खाली आणलं. आता तो धावत नाही. आता तो तिची वाट पाहतो, आणि याचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटते. कॅरिस आज केवढी झाली असती, हे त्याला दुसरं कोण दाखवणार?

यंदा ती चांगलीच उंच झाली होती. रेनकोटच्या बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या. तिने हात वर केला, आणि डाव्या मनगटावर, सकाळच्या उन्हात, त्याला पिवळ्या चिंधीची एक गाठ दिसली. शेवटी उलटा पीळ दिलेली.